सहावं बटण

सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर तीन गोष्टींना मनाई केली. वाचायचं नाही, वाकायचं नाही आणि रडायचं नाही. वाकण्याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं, पण न वाचता दुपार ढकलायची कशी? मग सुनेने वाचून दाखवायचं ठरलं. रडकं काही आणू नकोस, असं बजावून त्यांनी तिला वाचनालयात पिटाळलं, आणि सून असं पुस्तक घेऊन आली की त्यात रडायला कुणाला उसंतच नव्हती.

त्यातली बाई कोर्टात टायपिस्ट होती. पुराव्याअभावी सुटलेल्यांचे निकाल दिवसभर टाइप करायची आणि मग एकेकाला गाठून स्वतःच्या हाताने निकाल लावायची. जाताना मेलेल्याच्या शर्टाचं एक बटण कापून न्यायची. घरी आली की आरशासमोर बसायची आणि स्वतःलाच विचारायची, हे मी खरंच केलं की मला नुसतं वाटतंय?

सासूबाई म्हणजे साखरेच्या डब्यातल्या मुंग्यांना फुंकर मारून बाहेर काढणारी बाई. पण पुस्तक सुरू झालं आणि त्यांचं वेगळंच रूप बाहेर आलं. काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसायच्या आणि एखादा बदमाश हाती लागायला उशीर झाला की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. किती गप्पा मारत बसलीये त्याच्याशी, उरक म्हणावं, असं त्या टायपिस्टला सुनावायच्या.

सुनेचं कपडे अल्टर करायचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. दुपारी दोनला दार लोटलं की शिलाई मशीनशेजारी बसून वाचन चालायचं. एखाद्याचा निकाल लागला की सासूबाई सुनेच्या बटणांच्या डब्यात हात घालायच्या, चाचपून एक बटण निवडायच्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडायच्या. भेसळीचं औषध विकणाऱ्याच्या नावाने कोटाचं मोठं काळं, घरं बळकावणाऱ्याच्या नावाने पितळी. आतापर्यंत पाच झाली होती.

घरात दोघीच. सुनेचा नवरा वर्षापूर्वी, तिनेच इस्त्री केलेले चार शर्ट बॅगेत भरून, दुसऱ्या एकीबरोबर संसार थाटायला निघून गेला होता. तेव्हापासून त्याचा विषय निघाला की सून म्हणायची 'तुमचा मुलगा' आणि सासूबाई म्हणायच्या 'तुझा नवरा'. त्याला पदरात घ्यायला दोघींपैकी कुणीच तयार नव्हतं.

आणि आता त्याचा फोन आला होता. रविवारी येतो, तुला कायमची माझ्याकडे घेऊन जातो. सासूबाई 'बघू' म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या 'बघू'चा अर्थ काय, हे विचारायचा सुनेला धीर होत नव्हता. विचारणारी ती कोण? नवराच उरला नाही, तर सासू कोणत्या नात्याने थांबवायची? तो गेला तेव्हा तिने दुकान एक दिवससुद्धा बंद ठेवलं नव्हतं. पण खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी झाली तर आपण काय करायचं, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं.

शुक्रवारी एकटी असताना तिने पुढचं प्रकरण आधीच वाचून काढलं. त्यातल्या माणसाने कायद्याने काहीच गुन्हा केलेला नव्हता. बायकोला 'येतो' म्हणून गेला आणि आलाच नाही, एवढंच. टायपिस्टने त्यालाही सोडलं नाही. दार त्याच्या आईने उघडलं, ओळखीची असेल असं समजून तिला आत घेतलं आणि पाणी आणायला वळली. सुनेने ते प्रकरण संपवलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. ते तिला इतकं गोड लागलं की तिची तिलाच भीती वाटली.

शनिवारी, जास्तीचं कापड आत दुमडून शिवतात तसं तिने ते प्रकरण आत दुमडलं आणि त्याच्यापुढचं वाचायला घेतलं. टायपिस्टने आरशासमोर सहा बटणं ओळीने मांडली, इथपर्यंत ती आली आणि सासूबाईंचा हात कट्ट्याकडे गेला.

"पाचच आहेत," त्या म्हणाल्या. "एक माणूस गाळलास तू."

ते प्रकरण कंटाळवाणं होतं, असं सुनेने सांगून पाहिलं.

"मग थोडा कंटाळू दे मला."

सुटका नव्हती. तिने पानं मागे उलटली आणि एका सुरात वाचलं. म्हातारी दार उघडते तिथे सासूबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, पण त्यांनी थांबवलं नाही. प्रकरण संपलं. त्यांनी विचारलं, आधी वाचलं होतंस का? सून हो म्हणाली.

"आवडलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. समोरच्या डोळ्यांना तिचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

"दोनदा वाचलं, आई."

"आवडणारच," सासूबाई म्हणाल्या. "मी मात्र तिला दार उघडलं नसतं. कसाही असला तरी माझा मुलगा आहे."

वर्षभरात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी आपलं म्हटलं होतं. सुनेला वाटलं, संपलं, आता या जाणार. सासूबाईंनी डब्यातून शर्टाचं एक साधं पांढरं बटण काढलं, पण कट्ट्यावर ठेवलं नाही. चष्म्याच्या घरात टाकलं आणि घर मिटलं.

रविवारी तो मोठी रिकामी बॅग घेऊन आला. सून मशीनवर बसून राहिली. सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या आणि लहानपणी करायच्या तशी त्याची कॉलर सरळ करू लागल्या. बोटं खाली आली आणि दुसऱ्या काजापाशी अडली.

"इथलं बटण कुठे गेलं?"

मी नाही घेतलं, हे सुनेच्या मनात सगळ्यात आधी आलं. तो म्हणाला, तुटलं असेल, लावायला वेळ कुणाला आहे. सासूबाईंनी चष्म्याचं घर उघडलं, ते पांढरं बटण त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

"घरी गेलास की लाव. सुई-दोरा तूच हातात धर, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस."

"आई, तुझे कपडे भरायचेत ना?"

"मी येत नाहीये. अधूनमधून येत जा तू, चहा मिळेल."

"पण इथे आता तुझं कोण आहे?"

"ही काय, समोर बसलीये."

तो थोडा वेळ बसला, चहा संपवला आणि रिकामी बॅग घेऊन निघाला. सासूबाई दारापर्यंत गेल्या. लांबचं त्यांना अजून दिसत नव्हतं, म्हणून पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग भिंत चाचपत खुर्चीकडे आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, दोन वाजले असतील, वाच.

सुनेने पुस्तक उघडलं. ऑपरेशन झालं होतं सासूबाईंचं आणि अक्षरं मात्र हिला दिसेनात. ती गप्पच आहे म्हटल्यावर सासूबाईंनी हात लांब करून तिचा गाल चाचपला. बोटं ओली झाली.

"मला डॉक्टरांनी मनाई केलीये," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटचंही तूच रडून घे, आणि मग वाच."