बिऱ्हाडाची हाळी

“आता आजोबांकडून तुमचं नाव वदवून घ्या,” राजेश्वरी मॅडम म्हणाल्या आणि हरणाबाईनं पदर तोंडाला लावला.

सांगलीच्या दवाखान्यातली ही खोली बोलणं गेलेल्यांसाठी होती. झटका येऊन तिच्या नवऱ्याचं, बिरदेवाचं, उजवं अंग लुळं पडलं होतं. काठी धरून तो आता चार पावलं टाकायचा, पण वाचा गेली ती गेलीच. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम मेंढीचं चित्र दाखवायच्या, आणि ज्याचा जन्म मेंढरांत गेला तो त्या चित्राकडं बघून नुसता घाम पुसायचा.

“घरच्या माणसाचं नाव लवकर ओठावर येतं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीही त्यांना नावानं हाक मारा.”

“आवं बाई, त्यांनी माजं नाव लग्नात घेतलं त्येवढंच. उखान्यात. आन् मी त्यांचं घिऊ? आता म्हातारपनी?”

मॅडम हसल्या. हरणाबाईला हसू आलं नाही.

“पयलं मानूस बोलाय कसं लागलं आसंल वं? त्येला कुनी शिकिवलं?” तिनं विचारलं.

“ते कुणालाच नक्की ठाऊक नाही, आजी. कुणी म्हणतं जनावरांचे आवाज काढता काढता, कुणी म्हणतं आई तान्ह्या लेकराशी गुणगुणता गुणगुणता.”

मांडीवरच्या लेकराशी बोलायची काय गरज, असं हरणाबाईला वाटलं. हाक मारावी लागते ती नजरेआड गेलेल्याला. पण शिकल्यासवरल्या बाईशी वाद कोण घालणार?

कवठे महांकाळच्या पलीकडं माळावर त्यांचं घर. घरी आल्यावर ती रोज दार लोटून घ्यायची, त्याच्यासमोर बसायची आणि लाजत का होईना म्हणायची, “म्हना, हरणा.” बिरदेव तिच्याकडं बघायचा, ओठ घट्ट मिटायचा आणि भिंतीकडं तोंड फिरवायचा.

“आत्ती, सोडा आता त्यो नाद,” सून माया एकदा म्हणाली. “मामांनी तुमची वळखच सोडल्याली दिसतीया.”

माया वाईट नव्हती, पण ते बोलणं हरणाबाईच्या काळजाला लागलं. नवरा मुका झाला तर झाला, त्याची भाकर ती भरवील. पण आपण कोण हेच त्याला कळेनासं झालं असेल तर? या एका भीतीनं तिला घास गोड लागेना.

एके दिवशी माळावर एक मेंढी व्याली आणि हरणाबाईला मेंढरं घेऊन परतायला दिवस बुडाला. ओलं कोकरू पदरात घेऊन ती टेकाडावर आली. खाली घर दिसत होतं. दारातल्या बाजेवर बिरदेव बसला होता.

पूर्वी दसरा सरला की दोघं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायची. घोड्यावर बिऱ्हाड लादून ती पुढं निघायची आणि शेतकरी दाखवील त्या रानात तीन दगडांची चूल मांडायची. तो मेंढरं चारत मागून यायचा. अंधारून आलं की बिऱ्हाड कुठल्या रानात उतरलंय हे त्याला कळायचं नाही. मग तो लांबून हाळी द्यायचा, “हो-ओ-ओय!” ती चुलीपासून उठून उलटी हाळी द्यायची, “ऊ-ऊय!” त्या आवाजाच्या रोखानं तो बरोबर चुलीपाशी यायचा. नाव कशाला लागतंय? सबंध रानात त्यांचं दुसरं होतं तरी कोण?

बिऱ्हाड कुठंय हे विचारणारी हाळी त्याची, गडीमाणसाची. तिनं ती जन्मात कधी दिली नव्हती. हरणाबाईनं इकडंतिकडं बघून घेतलं, छाती भरून घेतली आणि आवाज सोडला.

“हो-ओ-ओय!”

खाली काहीच हललं नाही. मेंढरं तेवढी माना वर करून बघू लागली. आपलंच डोकं फिरलंय, म्हणत तिनं पाऊल उचललं.

आणि बाजेवरून आवाज आला. फाटका, घोगरा, पण चढून शेवटाला वळणारा, थेट तिच्यासारखा.

“ऊ-ऊय!”

तिची हाळी होती ती. इतकी वर्षं तो जिच्यामागं चालत आला, ती त्यानं जपून ठेवली होती. हरणाबाईच्या डोळ्यांतलं पाणी कोकराच्या अंगावर पडलं आणि तिनं ते पडू दिलं.

मेंढरं सवयीनं उताराला लागली. ती मात्र टेकाडावरच उभी राहिली. घराची वाट तिला पाठ होती. तरी तिनं पुन्हा एकदा विचारलं.