गिरिधररावांची हाकाटी

साल एकोणीसशे सदुसष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांचा संत्र्यांचा धंदा. माल पोचवायला नागपूरहून मुंबईला निघाले, तशी मीही हट्टानं सोबत गेले. परतायच्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटात शिरलो आणि त्या उंच छपराखाली, फळांच्या राशींत, आमची चुकामूक झाली. संध्याकाळची गाडी. दुसऱ्या दिवशी नणंदेची, उत्तराची हळद. तिचा शालू माझ्या पिशवीत, तिकिटं ह्यांच्या खिशात!

मासळीच्या बाजूला रंभाबाई नावाची कोळीण बसली होती. माझा रडवेला चेहरा पाहून म्हणाली, "नवरा हरवला ना? नाव सांग, पोरी. माझी हाक पार बंदरावर जाते."

"नाव कसं घेऊ वं मावशी? नवऱ्याचं आहे ना!"

"अगो, मग काय 'अहो' म्हणून हाक मारू? निम्मं मार्केट वळून बघेल!"

आजूबाजूच्या बायका खिदळल्या. "उखाण्यात घे की!" एकीनं सुचवलं. लाजेनं मेले, पण गाडी डोळ्यांपुढे दिसत होती. डोळे गच्च मिटून म्हटलं,

"छप्पर मोठं, वाटा साठ, कुठं शोधू बाई?
गिरिधररावांना सांगा कोणी, गाडीची झाली घाई!"

रंभाबाई टोपली पालथी घालून तिच्यावर चढली आणि चाल लावून तिनं उखाणा ठोकला. कोळणींनी तो उचलला, केळीवाल्यांनी पुढे पाठवला, पिंजऱ्यातले पोपटसुद्धा किंचाळू लागले.

हे तिकडे एका फळवाल्याशी भांडत होते. "हे नागपूरचं संत्रं होय गा? अन् मलेच शिकवून राहिला?"

"गिरिधरराव तुम्हीच ना?" फळवाला म्हणाला. "जा बाबा, बायको गातेय!"

हे धावत आले, कानापर्यंत लाल. "काहून वं, साऱ्या मुंबईले माझं नाव सांगितलं?"

"तुम्ही काहून हरवले?"

"गाडीत भांडा! पळा!" रंभाबाई ओरडली.

बोरीबंदरपर्यंत मी हसत पळाले, हे धापा टाकत. गाडी हलली होती. डब्यातल्यांनी आधी शालू आत ओढला, मग मला, शेवटी ह्यांना.

उत्तराची हळद वेळेवर लागली. आता ती रायपूरला नातवंडांत रमली आहे. त्या फळवाल्याला पुढे हेच माल देऊ लागले. रंभाबाईला दर मोसमात संत्र्यांची पेटी जायची. ती सुके बोंबील पाठवायची आणि वासानं सासूबाई दोन दिवस परसात मुक्काम ठोकायच्या. रंभाबाई गेली, तिच्या जागेवर सून बसते. हेही गेले. मी नागपुरातच, इतवारीत थोरल्या मुलाकडे असते.