ठमाबाईचा आवाज कुणाच्या वाटणीला

भिवाच्या घरात ती दोन कपाटं आली, तेव्हा त्याच्या बायकोने, लक्ष्मीने, पहिली चौकशी केली ती यांना दारं कुठे आहेत याची. दारं नव्हती, खण नव्हते, फळ्याही नव्हत्या. पुरुषभर उंच, अक्रोडाच्या लाकडाची, समोरून करड्या कापडाने मढवलेली आणि पितळी पायांवर उभी अशी ती जोडी होती, पण तिच्यात मूठभर तांदूळ ठेवायची सोय नव्हती.

ती दिली श्रीपादरावांनी. श्रीपादराव मोहन्याच्या कारखान्यात इंजिनिअर आणि डोंबिवलीत खाडीच्या अंगाला भिवाच्या माडीवरचे भाडेकरू. जर्मनीत शिकून आले होते. परदेशातून येताना माणसं घड्याळ आणतात, कापड आणतात. यांनी बोटीतून नुसता आवाज आणला. या पेट्या, त्यांना जोडायचं टेपचं मशीन आणि वायरींची भेंडोळी. संध्याकाळी ते मशीन लावत, तेव्हा खालच्या स्वयंपाकघरात झाकणं थरथरत आणि मिठागरातले खेकडे बिळाबाहेर येऊन डोळे वर करून बसत. खोटं वाटेल त्याने खेकड्यांना विचारावं.

भिवाची आई ठमाबाई ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. भटजी उशिरा आला तर आगऱ्यांचं लग्न थांबेल, पण धवलारीण आली नाही तर मोडेलच. तिचे धवले ऐकून श्रीपादराव वेडे झाले. त्यांनी तिला ओटीवर बसवून, समोर दोन माइक लावून, तिचा आवाज फिरकीवर भरून घेतला. पुढे त्यांची बदली कलकत्त्याला झाली. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की गाडीत एक तर ही कपाटं चढतील नाहीतर मी. श्रीपादरावांनी बराच विचार केला म्हणतात. शेवटी पेट्या मशीन आणि फिरकीसकट खाली उतरवून भिवाच्या मोठ्या खोलीत उभ्या केल्या आणि भिवाला म्हणाले, "भिवाशेठ, बसायचं ते बरोबर मधोमध. दोन्हींपासून सारखं लांब. मग गाणारा मध्ये उभा राहतो."

भिवा मधोमध बसला. दोन पेट्यांच्या मध्ये कोरी भिंत होती आणि खिळ्याला त्याची छत्री. मशीन फिरलं आणि छत्री ठमाबाईच्या आवाजात गाऊ लागली.

भिवा उठून उजव्या पेटीला कान लावून आला. तिथे आयस होती, त्याची आई. डाव्या पेटीला लावला, तिथेही होती. परत येऊन बसला तर दोन्ही पेट्या मुक्या आणि आयस छत्रीत. त्या दिवसापासून त्याने ती छत्री पावसात नेली नाही. पण रोज सांजेला अंग धुऊन तो त्याच जागी पाट टाकून बसू लागला. खोबरेल तेलाचा बोळा फिरवून लाकूड चकचकीत ठेवू लागला. आणि खरी आई चुलीपाशी मिश्री लावत विचारायची, "कोन ती बाई? घसा बसलाय तिचा."

अशात वाटणी निघाली. भिवाचा धाकटा भाऊ गोविंदा आणि भिवा यांचं भांडण नव्हतं, पण जावा-जावांचं होतं आणि ते पुरेसं होतं. मिठागर वाटलं, शेत वाटलं, टोप-परात वाटली. मोठी खोली मधोमध कुडाची भिंत घालून दुभंगायची ठरली. पेट्या दोन, भाऊ दोन, म्हणून एकेक पेटी एकेकाला. मशीनचं मागाहून बघू म्हणाले.

राहिली ठमाबाई.

रिवाज असा, की म्हातारीने पंचांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी अमक्याच्या चुलीवर जेवणार. तिच्या शब्दावर अपील नाही. भिवा आठ दिवस नीट जेवला नव्हता. पन्नाशीचा गडी, पोरीबाळींचा बाप, पण आईने ताटात बोंबील वाढून 'गिळ आता' म्हटल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आई कुडाच्या पलीकडे गेली तर तो ऐकेल, पण ते 'गिळ आता' गोविंदाला असेल. शेताची वाटणी त्याला सोसली, ही सोसणार नव्हती.

पंच जमले. मुख्य पंच दगडू पाटील यांनी विचारलं. ठमाबाईने दोन्ही पोरांकडे पाहिलं. एकाचं नाव घ्यावं तर दुसरा तिथेच मरेल, हे तिला दिसत होतं. तिने तोंडातली मिश्री थुंकली आणि म्हणाली, "मना कंला इचारता? ती पेटीतली मीच हाय ना? तिलाच इचारा. ती जिकरं उभी ऱ्हावून गाते, तिकरं माझा बिछाना."

आणि चुलीपाशी निघून गेली.

दगडू पाटलांना हे फार न्यायाचं वाटलं. त्यांनी मशीन लावायला सांगितलं. बसण्याची कुणी आखणी केली नव्हती, पण माणसं बसतात तशी बसली. भिवाच्या बाजूचे पंच भिवाच्या पेटीजवळ आणि गोविंदाचा सासरा मारुती व त्याची मंडळी गोविंदाच्या पेटीजवळ. दगडू पाटील मानाच्या पाटावर, मधोमध.

धवला सुरू झाला. भिवाने डोळे मिटले. आयस त्याच्या पेटीत होती. शंकाच नको. श्वास घेतल्याचासुद्धा आवाज येत होता. डोळे उघडून तो 'माझ्याकडे' म्हणणार, तोच पलीकडून मारुती मांडीवर थाप मारून म्हणाला, की झालं, म्हातारी गोविंदाकडे. भिवाकडचे पंच म्हणाले, मारुती, तुझे कान धुऊन घे. दगडू पाटलांनी दोघांना गप्प केलं आणि काठीने छत्री दाखवली. "ती हितं हाय."

आता तीन ठिकाणी एक आई.

प्रकार साधा होता. ज्याला जी पेटी जवळ, त्याला आवाज तिच्यातून येतो. श्रीपादरावांनी एका वाक्यात सांगितलं असतं, पण श्रीपादराव कलकत्त्याला. इथे पंचांनी आपल्या बुद्धीने मार्ग काढला आणि जागांची अदलाबदल केली. मारुती भिवाकडे आला, भिवाचे पंच गोविंदाकडे गेले. पुन्हा फिरकी फिरली. मारुतीचं तोंड उतरलं. म्हातारी भिवाकडे आहे, असं त्याला देवाशपथ सांगावं लागलं. आणि भिवाचे पंच मान खाली घालून म्हणाले, की नाही, गोविंदाकडेच. दोन्हीकडच्यांनी शब्द फिरवला आणि तंटा होता तिथेच राहिला. फक्त दगडू पाटील पाटावरून हलले नव्हते आणि त्यांची छत्रीही हलली नव्हती.

भिवाला वाटलं, गोविंदाने काही करणी केली. तो उठून गोविंदाच्या पेटीपाशी गेला. आयस तिथे गात होती. म्हणजे त्याची पेटी ओस पडली? तो घाईने परत आला, तर ती त्याच्या आधी येऊन पोचलेली. पुन्हा गेला. पुन्हा ती तिथे. "आयस माझे मागं मागं फिरते," तो घाबऱ्या आवाजात बोलला. गोविंदा म्हणाला, कशाला फिरेल, ती माझ्याजवळून उठलेलीच नाही. तरी खात्री करायला तोही भिवाच्या बाजूला निघाला. एक इकडून, एक तिकडून. दोघांची नजर पेट्यांवर. खोलीच्या मध्यावर, दगडू पाटलांच्या पाटापुढेच, भावाभावांची टक्कर झाली आणि दोघे ढुंगणावर बसले.

बसले ते बसलेच राहिले. कारण आयस आता दोघांच्या समोर होती, छत्रीपाशी. हात लांब केला तर पदर लागेल इतकी.

"दादूस, तुला पन हितंच ऐकाया येतं कं?" गोविंदाने हळूच विचारलं.

"हितंच," भिवा म्हणाला. "पन हितं तर कोन नाय."

धवला संपला. कूड घालायला आलेला नाथा सुतार मेढी, म्हणजे कुडाचे खांब, खांद्यावर घेऊन दारात केव्हाचा उभा होता. त्याने विचारलं, की पहिली मेढ कुठे ठोकू? दगडू पाटलांनी खोलीचा मध्य दाखवला, आणि दाखवता दाखवता त्यांचाच हात थबकला. मध्यात म्हातारी उभी होती, त्यांनीच निवाडा दिला होता. नाथा म्हणाला, बाईमाणूस उभं आहे तिथे मी मेढ ठोकणार नाही, मला लेकरंबाळं आहेत.

शेवटी कूड उभा राहिला, पण मधोमध एका बाजेएवढी फट सोडून. त्या फटीत ठमाबाईची बाज. अर्धी भिवाकडे, अर्धी गोविंदाकडे.

भिवाला वाटलं, सुटलो. मग लक्ष्मीने विचारलं, की उशी कुठल्या बाजूला?

पंच पुन्हा बसले. डोकं गोविंदाला, पाय भिवाला, असं ठरलं. भिवा खुशीत घरी आला, कारण आईचे पाय म्हणजे देव. जेवायला बसल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं, की तोंड डोक्याला असतं. 'गिळ आता' पलीकडेच गेलं. तो ताटावरून उठायला लागला. तेवढ्यात कुडापलीकडून गोविंदा बायकोला सांगताना ऐकू आला, की पंचांनी आपल्याला फसवलं, पाया पडायला दादाकडे जावं लागणार. भिवा पुन्हा बसला. आपण जिंकलो की हरलो, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.

सकाळी तो आईच्या पाया पडायला फटीपाशी गेला, वाकला आणि त्याचं कपाळ उशीवर टेकलं. बाज फिरलेली होती. ठमाबाई एक डोळा उघडून त्याच्याकडे बघत होती.

"आय, बाज कुनी फिरवली?"

"मना कय ठाव," ठमाबाई म्हणाली. "त्या पेटीतलीला इचार. आनि च्या आन, दोन्ही घरचा."