बहात्तरचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे, भिंतीवर आकडे दाखवणारा. सध्या सामानाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मला वळवू नका. आधी ऐका.

एका भाऊ-बहिणीने मला जुन्या बाजारातून आणलं. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला बारके. दोघांनी जिन्याखालच्या खोलीत कंपनी काढली होती. शीतगृहातलं तापमान क्षणाक्षणाला मालकाच्या पडद्यावर दिसेल, असं सॉफ्टवेअर ती दोघं बनवत. मी त्यांचा पहिला पडदा. काय तोरा होता माझा! येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, इथे बसून तिथलं दिसतं की!"

एकदा मोठं गिऱ्हाईक समोर असताना मी मिनिटभर कोरा पडलो. गिऱ्हाईक हसलं आणि उठून गेलं. त्याच दिवशी दादाने नियम लिहिला: नवा आकडा आला नाही, तर येईपर्यंत शेवटचाच दाखवत राहायचं.

"दादा, हे खोटं नाही का?"

"खोटं कुठे? शेवटचं खरं आहे ते. झाकली मूठ सव्वा लाखाची, बारके!"

मलाही ते आवडलं, हे कबूल करतो. कोरं पडायची मला फार लाज वाटे.

मग गोठवणीच्या खोल्यांत काम करणाऱ्यांसाठी त्यांनी मनगटी पट्टा केला. पहिला दादाने स्वतःच्या हाताला बांधला. माझ्या कोपऱ्यात त्याच्या हृदयाचे ठोके दिसू लागले. जिना चढला की शंभर, बारकीशी भांडला की एकशे दहा. आम्ही तिघंही त्यावर हसायचो.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी दादा एकटाच एका शीतगृहाच्या गोठवणीच्या खोलीत यंत्र बसवायला गेला. आत शिरला, मागे जाड पोलादी दार लागलं, आणि पट्ट्याचे आकडे यायचे थांबले. शेवटचा होता बहात्तर. नियमाप्रमाणे मी तोच दाखवत राहिलो. 'चालू आहे' सांगणारा हिरवा ठिपकाही लुकलुकत ठेवला.

तासाभराने तिथल्या पहारेकऱ्याचा फोन आला. "ताई, साहेब अजून बाहेर नाही आले. बघून येऊ का?"

बारकीने माझ्याकडे पाहिलं. "नको, कामात असेल. ठोके अगदी व्यवस्थित आहेत."

नवे आकडे येत नाहीत हे मला ठाऊक होतं, मित्रांनो. पण मला तोंड कुठे होतं? बहात्तर. बहात्तर. बहात्तर. संध्याकाळी ती एकदम दचकून उभी राहिली. जिवंत माणसाचा आकडा इतका वेळ एका जागी राहत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने फोन केला, पहारेकऱ्याने दार उघडलं. दार आतून उघडायची कडी अडकून बसली होती. दादा दाराशीच बसलेला होता, गार पडलेला.

नंतर त्यांची आई रोज येऊन माझ्यासमोर बसू लागली. काचेवर हात ठेवून म्हणायची, "अजून चालू आहे बघ." बारकीला तो आकडा पुसवेना. रिकाम्या खोलीत मी दिवसभर मेलेल्या माणसाचे ठोके मोजत राहिलो. मला माझीच भीती वाटू लागली.

एके दिवशी आईने विचारलं, "खरं सांग, हा हलतो कधी?"

"नाही गं आई."

"मग हा माझा मुलगा नाही. तो धावत आला की त्याची छाती कशी धडधडायची! पुस ते. आणि तो नियमही पुस. दुसऱ्या कुणाच्या आईला असं बसायला लावू नकोस."

बारकी रडत रडत दोन्ही पुसून मोकळी झाली. आता त्यांच्या प्रत्येक पडद्यावर आकडा आला नाही, तर 'माहीत नाही' असं लाल अक्षरांत येतं. काही गिऱ्हाइकं रुसून गेली. जाऊ देत.

माझी वीज मात्र तेव्हाच काढली. तरीही माझ्या काचेत तो बहात्तर पुसटसा उमटून राहिला आहे. पुसला तरी जात नाही. म्हणून म्हणतो, मला वळवू नका.

आम्हा पडद्यांवर धूळ बसली तरी चालेल, पण आम्हाला ठाऊक नसेल तेव्हा आम्हाला कोरं राहू द्या. आणि तुमच्या भिंतीवरचा आकडा बराच वेळ हलला नसेल, तर त्याच्याकडे बघत बसू नका. उठा, आणि दार उघडून बघा.