ब्रेकच्या पट्टीवरची पाच छिद्रं

आवारात एकवीस गाड्या होत्या. एकोणीस स्वतःच्या चाकांवर आल्या होत्या, दोन ट्रकवरून उतरवल्या होत्या. सर्वांत थोरली शहाण्णव वर्षांची, सर्वांत धाकटी अठ्ठावन्न. आग विझवायची नळकांडी आठ, त्यांतली भरलेली सात. माझ्या टेबलावर तपासणीचे एकवीस फॉर्म होते आणि साडेनऊपर्यंत चौदांवर माझी सही झाली होती. अकरा वाजता पहिली गाडी सुटणार होती.

मी धातूंची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. डोंगररस्त्यावरची ती जुनी शर्यत एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा भरवायची ठरली, तेव्हा संयोजकांनी ब्रेक आणि स्टिअरिंग तपासायला मला बोलावलं. शर्यत बंद पडली होती ती माझ्या आजोबांच्या थोरल्या भावामुळे. तिसऱ्या वळणावर त्यांची गाडी दरीत गेली. शेजारी मेकॅनिक म्हणून बसलेले माझे आजोबा वर रस्त्यावरच बाहेर फेकले गेले आणि वाचले. रस्त्यावर तेल सांडलं होतं, असं आमच्या घरात सगळे सांगत.

पंधरावी गाडी तीच होती. थोरल्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलत काका, याने ती अकरा वर्षं खपून उभी केली होती.

"घरचाच परीक्षक!" पलीकडच्या पिवळ्या गाडीचे मालक म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते. "मग काय, हे पास होऊनच आलेत."

"तुमच्या गाडीचं तोंड उघडून बघा आधी," काका म्हणाला. "दोन दाढा किडल्यात."

काका नेहमीच असा. मला तो शास्त्रज्ञबाई म्हणतो. त्याने गाडीखाली घोंगडी अंथरली, कनवटीला जपलेली वस्तू काढावी तशी खिशातून एक कॉटर पिन काढली आणि खुर्चीत बसलेल्या आजोबांपुढे धरली.

ब्रेकचं पेडल दाबलं की त्याखालची लोखंडी पट्टी मागे सरकते, पट्टीच्या खालच्या टोकाला अडकवलेली सळई ओढली जाते आणि चाकं थांबतात. सळईचा आकडा पट्टीतून निसटू नये म्हणून ही पिन. आत घालायची आणि तिचे दोन पाय फाकवायचे. जुन्या शर्यतीत रिवाज होता की जो शेजारी बसणार त्यानेच ही पिन घालायची. ज्याचा जीव गाडीत, त्याचा हात ब्रेकला.

"आप्पा, ही तुमच्या हातची," काका म्हणाला.

आजोबांनी हात पुढे केला नाही. "मी नाही घालणार."

"कंबर धरलीय का? गादी आणतो."

"तेव्हाही मी घातली नव्हती."

काका हसतच होता. "काय नव्हती घातली?"

"पिन. दादाच्या गाडीला." आजोबांचा आवाज अगदी नेहमीचा होता, चहा नको म्हणावं तसा. "गाडी वर काढली तेव्हा मी वाकून बघितलं. सळई लोंबत होती. आकड्यात पिन नव्हती. लोक म्हणाले तेल सांडलं होतं, मी मान हलवली. त्या सकाळी पिन हातात घेतलेली आठवते. घातलेली आठवत नाही. आज तू पुन्हा माझ्याच हातात देतोयस, म्हणून सांगतो. तुझा बाप माझ्यामुळे गेला."

दातांचे डॉक्टर फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. माझ्या पेनचं टोपण खाली पडलं आणि गडगडत चाकाखाली गेलं, ते मी उचललं नाही. चोवीस वर्षं मी या माणसाच्या ताटाशेजारी ताट घेऊन जेवले होते. त्यांनी आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, मोटारीला कधी हात लावला नाही, आणि असं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

काका वळला, फाटकापर्यंत चालत गेला, तिथून परत आला.

"मी पाच वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तुम्ही मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचात. रोज. ते यासाठी होतं?"

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, आप्पांसारखा चुलता नशिबाला लागतो म्हणून!"



मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले. "आजोबा, पट्टीचं खालचं टोक कसं होतं?"

"मोडलेलं. दगडावर आपटलं असणार."

"तो तुकडा मिळाला?"

"नाही."

"मग पिन त्या तुकड्याबरोबर गेली असेल. गाडीने दरीत कोलांट्या खाल्ल्या. सापडली नाही म्हणजे नव्हतीच, असं होत नाही."

"तुझं पुस्तक ठेव बाजूला, पोरी. मी डोळ्यांनी बघितलंय."

मी काकाकडे वळले. "वरचा तुकडा कुठाय?"

काकाने डिकीतून कापडात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा आणला. नवी पट्टी त्याने याच्यावरूनच बनवली होती. तुकड्यावर ओळीने चार गोल छिद्रं होती आणि मोडलेल्या कडेवर एक अर्धगोल खाच.

"ही छिद्रं कसली?"

"बाबांनी पाडलेली. शर्यतीच्या वर्षभर आधी. वजन कमी करायला सगळेच पाडायचे, सीटला, हँडलला, जिथे ड्रिल पोचेल तिथे. होलला वजन नसतं, असं म्हणायचे म्हणे." त्याने खाच माझ्याकडे वळवली. "चार अख्खी होती. पाचवं मी अर्ध्यावरून काढलं. कंपास लावून. एक केसभर फरक नाही."

मी खाचेवरून बोट फिरवलं. पट्टी दगडावर आपटून कुठेही मोडली असती. ती बरोबर पाचव्या छिद्राच्या मधोमध मोडली होती.

"नवी पट्टी काढून दे," मी म्हणाले.

"का?"

"काढ ना काका."

सरावातली पिन काढलेली होती आणि ही अजून घातलेली नव्हती, त्यामुळे सळई लगेच सुटली. वरचा एक बोल्ट त्याने काढला. पाना दोनदा निसटला. या पट्टीवर त्याने आठ महिने त्याच उतारावर सराव केला होता, रविवारी सहा-सहा फेऱ्या.

मी पट्टी पुसली, तिच्यावर लाल रंग फवारला आणि घड्याळ लावलं. हा रंग पातळ असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेतही शिरतो. दहा मिनिटं थांबायचं, मग वरचा रंग पुसायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर आतला रंग पांढऱ्यावर उमटतो.

डॉक्टरांनी आजोबांना पाणी आणून दिलं. आजोबांनी पेला नुसता धरून ठेवला. काका त्यांच्यापासून चार पावलांवर, पाठ करून उभा होता.

"काही नाही निघालं तर?" त्याने तसंच विचारलं.

"तर मला काहीच माहीत नाही, एवढंच म्हणता येईल."

"आणि निघालं तर? तर बाबांनी स्वतःच..."

"दादाला बोल लावू नका," आजोबा म्हणाले. एवढं बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "मी आहे ना इथे. मला लावा."

घड्याळ वाजलं. मी रंग पुसला, भुकटी फवारली. पट्टी पांढरी झाली. पहिली चार छिद्रं स्वच्छ राहिली. पाचव्याच्या कडेला आधी एक लाल ठिपका आला, मग त्याची रेघ झाली. काका खाली वाकला तो उठलाच नाही, गुडघ्यांवर बसून राहिला. आजोबा खुर्चीतून उठून आले आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन बघू लागले. काकाने खांदा काढून घेतला नाही.

"हे काय आहे?" आजोबांनी विचारलं. "मला नीट दिसत नाही. वाच."

मी भिंगाखाली पट्टी धरली, मोजलं, पुन्हा मोजलं आणि पंधराव्या फॉर्मवर लिहीत मोठ्याने वाचलं. पाचवं छिद्र, डावी बाजू. छिद्रापासून पट्टीच्या कडेपर्यंत लोखंड पाच मिलिमीटर. भेगेची लांबी चार पूर्णांक एक मिलिमीटर. त्या बाजूला धरून ठेवायला उरलेलं लोखंड शून्य पूर्णांक नऊ; जुनी पट्टीही इथेच, ब्रेक दाबतानाच तुटली असणार.