होयबाचा पहिला नकार

दारूच्या दुकानाच्या मालकानं जावयाला काउंटरवर बसवायचं ठरवलं, तेव्हा त्याच्याच लेकीनं कपाळाला हात लावला. नवरा तिचा देवमाणूस, पण त्याच्या तोंडून 'नाही' म्हणून निघायचं नाही. शेजाऱ्यानं शिडी मागितली, हो. वर चढून गच्ची झाडायला सांगितली, तरी हो! सगळा मोहल्ला त्याला होयबाच म्हणायचा.

त्यात आधीच्या नोकरानं एका शाळकरी पोराला बिअर विकलेली. तपासनीस आला आणि भिंतीवर नोटीस डकवून गेला: पुन्हा असं झालं तर परवाना रद्द. म्हणजे दोन घरांच्या चुली बंद.

शनिवारी भरदुपारी मेहुणा आला. सासऱ्यांचं शेंडेफळ, तीन बहिणींच्या पाठचं. वय सतरा, मिशीची जेमतेम रेघ.

"दाजी, व्हिस्कीची एक बाटली द्या. पटकन. मित्र बाहेर थांबलेत."

होयबाचा हात सवयीनं फळीकडे गेला. तेवढ्यात नोटीस दिसली आणि त्यानं तो मागे घेतला.

"ओळखपत्र दाखव," तो कसाबसा म्हणाला.

"अहो, मला ओळखत नाही का तुम्ही?"

"ओळखतो म्हणूनच सांगतो. तुझं वय बसत नाही. बाटली मिळणार नाही."

मेहुणा आधी हसला, मग त्यानं फोन लावला. दहा मिनिटांत सासरे हजर!

"अरे, चांगला निकाल लागलाय पोराचा. बरं, मला दे बाटली. माझं तर वय बसतं ना?"

"कोणासाठी, मामा?"

"याच्यासाठीच, समज. दुकान माझं आहे."

होयबाचे कान तापले. ज्या माणसानं मुलगी दिली, काम दिलं, त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे काय थट्टा आहे?

"दुकान तुमचंच, मामा. हवं तर मला काढून टाका. पण मी इथं बसलोय तोवर, नाही."

सासरे लालबुंद झाले. त्यांनी भिंतीवरची नोटीस पुन्हा एकदा वाचली आणि ते स्टुलावर बसले.

"खरं सांगू? सतरा वर्षं झाली, या पोराला एकदाही नाही म्हणणं मला जमलेलं नाही. आणि लोक नावं ठेवतात तुला!"

मेहुण्याला या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. "बाबा, राहू द्या ती बाटली. गाडीची किल्ली तरी द्या."

सासऱ्यांचा हात खिशात गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी घसा खाकरला, जावयाकडे बघून धीर गोळा केला.

"नाही," ते म्हणाले आणि स्वतःच दचकले.