बनुबाईनं अडवलेला कावळा

कुंडलच्या शिवारात बनुबाईला एक वेळ माणसं विसरतील, पण कावळे विसरायचे नाहीत. नवरा गेल्यापासून ती भावाकडे, अण्णाकडे राहायची आणि त्याच्या मक्याची राखण करायची. तिची गोफण कधी चुकली नाही. अलीकडे तर गोफणीचीही गरज उरली नव्हती. तिचं हिरवं लुगडं बांधावर दिसलं की कावळे मुकाट शेजाऱ्याच्या रानात जायचे, आणि मग शेजारी भांडायला यायचा.

आज त्या अण्णाचाच दहावा होता. बनुबाईचे रडून रडून डोळे सुजले होते, पण सकाळीच तिच्या रडण्याचा राग झाला. अण्णाची लेक संयोगिता चैत्राच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून वावरत होती. न्हाऊ घालताना आत्यानं ते बळंच उतरवलं, तर दंडावर पट्ट्याचे वळ. काही जुने, काही ताजे.

संयोगितेचा नवरा वीरधवल खंडाळ्याकडचा. पाया पडण्यात मोठा पटाईत. आल्यापासून त्यानं गावातल्या एकाही म्हाताऱ्याचा पाय सोडला नव्हता, त्यामुळे जावई असावा तर असा, हे सगळ्या आळीनं ठरवून टाकलं होतं. पिंडाला कावळा शिवला की बायकोला घेऊन निघायचं, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. गाडीचं तोंडसुद्धा त्यानं रस्त्याकडं करून ठेवलं होतं.

"आत्ती, कुणाला बोलू नगंस," संयोगिता म्हणाली. "ज्ञानूदादा आदीच खचलाय. त्यात माजं आनि कशाला?"

"मी न्हाई बोलत. तूच बोलशील," बनुबाई म्हणाली. "तवर कावळं मी धरून ठेवती."

ओढ्याकाठी पिंड मांडले आणि माणसं मागं सरली. बनुबाई मात्र पिंडाशेजारी कमरेवर हात देऊन उभी राहिली. भावाजवळ थोडा वेळ थांबू दे, म्हणाली. बहिणीला कोण हटकणार? कावळे आले, हिरवं लुगडं बघितलं आणि पलीकडच्या चिंचेवर जाऊन बसले.

अण्णाच्या पोरानं, ज्ञानूनं हात जोडले. आईला सांभाळीन म्हणाला. विहिरीचं काम पुरं करीन म्हणाला. शेवटी तंबाखूसुद्धा सोडली, पण कावळा हलेना. अण्णाला जिलेबी आवडायची, असं त्याच्या बायकोला, सुलाबाईला आठवलं. जिलेबी आणून ठेवली. कावळ्यांनी जिलेबीकडं बघितलं, बनुबाईकडं बघितलं आणि जागेवरच बसून राहिले. ऊन चढलं, पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. वीरधवलनं घड्याळ बघत सुचवलं, की दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा.

"आमचा आण्णा जित्तेपनी कवा खोट्याला भुलला न्हाई," बनुबाई म्हणाली. "त्येचा जीव लेकीत आडाकलाय. तिला इचारा."

सगळ्यांच्या माना संयोगितेकडं वळल्या. ती खाली बघत होती. बनुबाई पिंडाजवळून हलली नाही. पोरगी आता बोलली नाही, तर संध्याकाळी ती पुन्हा त्या पट्ट्याखाली जाणार होती.

संयोगिता सावकाश पिंडासमोर आली. तिनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या.

"आण्णा, ह्यो मानूस मला मारतोय. लगीन झाल्यापास्नं मारतोय. मी परत जानार न्हाई."

वीरधवल हसला. दुःखानं तिचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणाला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही. ज्याच्या ज्याच्या तो पाया पडला होता, त्या म्हाताऱ्यांनी पाय आखडून घेतले. ज्ञानू बहिणीशेजारी येऊन उभा राहिला.

"आण्णा, संयोगिता हितंच ऱ्हाईल. रानात तिचाबी वाटा हाय."

बनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तोंड धुवायला ओढ्याच्या खालच्या अंगाला गेली. तिची पाठ वळते न वळते तोच अख्खी चिंच पिंडावर उतरली. जिलेबीवरून तर मारामारी झाली. अण्णा तृप्त झाला, म्हणून लोकांनी हात जोडले आणि जेवायला पळाले. गाडी खंडाळ्याला एकट्या वीरधवलला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ज्ञानूनं बहिणीला बरोबर नेऊन पोलिसांत तक्रार दिली.

तिथून येऊन संयोगिता मक्यातल्या राखणीच्या माळ्यावर आत्याजवळ चढली. पोलकं आखूड बाह्यांचं होतं. गोफण फिरवता फिरवता तिनं विचारलं, "आत्ती, काल त्या कावळ्यांत खरंच आण्णा आसतील का गं?"

बनुबाईनं जरा विचार केला.

"छ्या. आण्णा आसता, तर पिंड सोडून जावयाच्या टाळक्याला शिवला आसता."